मोठी गरी, छोटी गरी

गरी विकत घ्यायला गेलेल्या नवख्या माणसाचा पहिला गोंधळ होतो तो नंबरांचा. आठ नंबरची गरी चार नंबरच्या गरीहून लहान. चारापेक्षा दोन मोठी, दोनापेक्षा एक मोठी. त्याहून मोठी हवी असेल तर मोजणी उलटी फिरते : १/०, २/०, ३/०... इथून पुढे आकडा वाढेल तशी गरीही वाढते. हे कुणी आणि का ठरवले असेल ते असो. लहानपणी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आम्ही या आकड्यांच्या वाटेला कधी गेलो नाही. ‘तामशाची द्या’, ‘काळुंदराची द्या’ असे सांगायचे. माशाचे नाव घेतले की दुकानदार बरोबर गरी काढून द्यायचा.

मिनेसोटात तसे चालत नाही. तिथल्या मासेमारीच्या दुकानात गऱ्यांची एक अख्खी भिंत असते. लांब दांडीच्या, आखूड दांडीच्या, सोनेरी, काळ्या, लाल, वाकड्या, अर्धगोल. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा त्या भिंतीसमोर तासभर उभा राहू शकतो. एरवी साडी घ्यायला गेलेल्या बायकोची पाच मिनिटे वाट पाहणे ज्याच्या जिवावर येते, तोच हा माणूस!

तो मूळचा शिवोलीचा. शापोरा नदीच्या काठी वाढलेला, म्हणजे गरी हातात घेऊनच मोठा झालेला. नोकरीनिमित्त मिनेसोटात गेला आणि दहा हजार तळ्यांचे राज्य म्हणून मिरवणाऱ्या त्या प्रदेशात त्याला पुन्हा पाणी सापडले. फक्त गोडे. आणि त्या गोड्या पाण्यात त्याला भेटला वॉलआय.

या माशाविषयी थोडे सांगायला हवे. मिनेसोटाने १९६५ साली वॉलआयला राज्याचा अधिकृत मासा केले. सोनेरी-हिरवट अंग, पांढरे पोट आणि डोळे मोठे, काचेच्या गोटीसारखे. शास्त्रीय नावातल्या ‘व्हिट्रिअस’चा अर्थच काचेसारखा. रात्री विजेरीचा झोत पडला तर मांजरासारखे चमकतात. डोळ्यांच्या मागे प्रकाश परतवणारा थर असतो, त्यामुळे अंधूक उजेडात, गढूळ पाण्यात, लाटांखाली याला दिसते आणि त्याच्या भक्ष्याला दिसत नाही. म्हणून तो शिकार करतो संध्याकाळी, पहाटे, किंवा वारा सुटून तळे खवळले की. चवीला म्हणाल तर पांढरेशुभ्र, सौम्य, पाकळ्या सुटणारे मांस. काटेही फार नाहीत. आमच्या चणकाची खोली त्याला नाही, हे माझे मत. बहिणीच्या घरी ते मोठ्याने बोलायची सोय नाही. तिथले लोक त्याला पिठात घोळवून तळतात. बहीण रव्यात घोळवते आणि उरलेल्याचे तिरफळे घालून हुमण करते. नारळाचा रस डब्यातला, सोलां गोव्याहून नेलेली.

तर हा वॉलआय पकडण्यासाठी आमचे हे जावईबापू हिवाळाभर तळघरात बसून ‘स्पिनर रिग’ बांधतात. बाहेर बर्फ, तळी गोठलेली, आणि वॉलआयचा हंगाम उघडणार मे महिन्याच्या मध्यावर. तोवर रोज रात्री जेवणानंतर दोन-तीन तरी बांधून व्हायच्याच. दुकानात त्या तयार मिळतात, फार महागही नसतात. तरी हा बांधतो. का, ते मला नंतर कळले.

स्पिनर रिग म्हणजे थोडक्यात असे : चार-पाच फूट तंगूस, तिच्या टोकाला एकामागे एक दोन गऱ्या, गऱ्यांच्या वर पाच-सहा रंगीत मणी, आणि मण्यांच्या वर फिरणारी धातूची एक चकती. पाण्यातून ओढली की चकती गरगर फिरते, लुकलुकते, थरथरते. वॉलआयला वाटते की छोटा पर्च मासा चालला आहे. पाठोपाठ येते ते गऱ्यांना लावलेले लांबलचक गांडूळ. कामाची विभागणी सरळ आहे. बोलावण्याचे काम चकतीचे आणि खायला घालण्याचे गांडुळाचे. उरले ते गरीच्या वाट्याला.

बांधणी सुरू होते शेवटापासून. आधी मागची गरी. तंगूस नेढ्यातून ओवायची, दांडीला लागून आडवी धरायची आणि तिच्यावरूनच सात-आठ वेढे शेजारी शेजारी घालायचे. एकावर एक चढता कामा नयेत. मग तोंडातली थुंकी लावून हळूहळू आवळायचे. थुंकी लावायची कारण कोरडी तंगूस घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. त्यानंतर तीन-चार इंच वर पुढची गरी, तशाच वेढ्यांची.

ही गाठ पाहताच माझा हात आपोआप पुढे झाला. आमच्या लहानपणी बाजारात मिळणाऱ्या कित्येक गऱ्यांना नेढेच नसे. मागचे टोक फक्त ठोकून चपटे केलेले. त्या गरीला दुसरी कुठली गाठ बसतच नाही. दांडीला वेढेच घालावे लागतात, आणि ते चपट्या टोकाशी अडून राहतात. आमच्या शेजारचे काका बसल्या बसल्या, बोलता बोलता, गरीकडे न पाहता हे वेढे घालीत. अमेरिकेतल्या गरीला चांगले नेढे आहे, साधी गाठ मारली तरी ती धरेल. तरीही लोक वेढेच घालतात, कारण त्याने ओढ सरळ दांडीच्या रेषेत येते. शिवाय एकाच तंगुसावर मध्येच दुसरी गरी बांधायची असेल तर वेढ्यांशिवाय पर्याय नाही.

गऱ्या बांधून झाल्या की मणी. ते शोभेचे नसतात. चकतीला गरीपासून दूर ठेवणे हे त्यांचे काम. मण्यांची माळ चकतीपेक्षा आखूड झाली तर चकतीचे खालचे टोक पुढच्या गरीवर आपटते आणि फिरणे थांबते. म्हणून चकती मोठी घेतली की मणीही वाढवायचे. रंग नारिंगी, पोपटी-पिवळा, हिरवा. या रंगांना वॉलआयचा डोळा चांगला ओळखतो. बहिणीने एकदा म्हापशाहून काचेचे मणी नेले होते. ते हळूहळू तळघरात उतरू लागले, तेव्हा तिने सक्त ताकीद दिली : काळ्या मण्यांना हात लावायचा नाही! तिची नखे रंगवायची बाटली मात्र वाचली नाही. गुळगुळीत चकतीवर दोन पट्टे ओढायला तिच्यासारखा रंग नाही म्हणे.

चकत्यांचे मुख्य आकार तीन. कोलोरॅडो जवळजवळ गोल. ती रुंद फिरते, मंद ओढीतही फिरते आणि पाण्याला जोराचे धक्के देते. गढूळ पाणी, थंड पाणी, संध्याकाळ, अशा वेळी ती हवी. विलो म्हणजे लांबट पानासारखी. तिला वेग लागतो. धक्का कमी, लकाकी जास्त. या दोघींच्या मधली, थेंबाच्या आकाराची, ती इंडियाना. चकती ज्या बारीक कडीत अडकवतात त्या कडीला क्लेव्हिस म्हणतात. चकतीची खोलगट बाजू तंगुसाकडे यायला हवी. शेवटी वरच्या टोकाला एक फास, की रिग तयार. ती गुंतू नये म्हणून हा पोहायला शिकणाऱ्या मुलांची फोमची लांब नळी आणतो, तिच्यात गरी टोचतो आणि तंगूस भोवती गुंडाळतो. एका नळीवर वीस-पंचवीस रिग. सगळी नळी सणाच्या माटोळीसारखी सजलेली दिसते.

पाण्यात ही रिग एकटी जात नाही. तिच्यापुढे असते इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली तार, तिच्यावर शिसे. तार तळाला टेकत टेकत चालते आणि रिग तिच्यामागे तळापासून वीतभर वर तरंगत येते. दर दहा फूट खोलीला एक औंस शिसे, असा साधारण हिशेब. होडी चालवायची ताशी एक ते दीड मैल, म्हणजे माणूस जेवणानंतर शतपावली करतो त्या गतीने. आमच्याकडे गरी टाकून माणूस धक्क्यावर बसतो आणि मासा येतो. इथे मासा बसलेला असतो आणि माणूस गरी घेऊन त्याच्या दारावरून जातो.

गांडुळाची गंमत सांगतो. ते विकत मिळते, डझनाच्या डब्यात, आणि ठेवावे लागते फ्रीजमध्ये, दह्याच्या शेजारी. बहिणीने यावर काय म्हटले ते इथे लिहीत नाही. पण मला नवल वाटले ते दुसऱ्याच गोष्टीचे. मिनेसोटात एकही गांडूळ मूळचे नाही. हिमयुगातल्या बर्फाने ती भूमी खरवडून काढली, आणि आज तिथे आहेत ती सगळी गांडुळे बाहेरून आलेली, युरोपातल्या वसाहतवाल्यांबरोबर आणि मासे पकडणाऱ्यांच्या डब्यांतून. तिथल्या जंगलात जमिनीवर कुजक्या पानांचा जो जाड थर असतो तो ही गांडुळे खाऊन संपवतात, आणि त्यावर जगणारी झाडेझुडपे उघडी पडतात. आपल्याकडे शेतकऱ्याचा मित्र, तिकडे उपद्रवी पाहुणा. उरलेली गांडुळे काठावर फेकू नका, कचऱ्यात टाका, असे तिथे सांगितले जाते.

आता मूळ मुद्दा, गरीचा. दोन गऱ्या कशासाठी? वॉलआय पुष्कळदा गांडुळाचे शेपूट तेवढे तोडून नेतो. पुढच्या एकाच गरीवर भरवसा ठेवला तर हाती अर्धे गांडूळ येते. म्हणून मागे दुसरी. पुढची दोन नाहीतर चार नंबरची, मागची चार नाहीतर सहाची. आखूड दांडीची, नेढे मागे वाकवलेली. टोक पारखायचे अंगठ्याच्या नखावर. हलके ओढले असता रुतले पाहिजे, घसरले तर ती गरी बाद. मागची गरी जेवढी लहान तेवढे गांडूळ मोकळे वळवळते आणि मासा बिनघोर गिळतो. तयार मिळणाऱ्या बहुतेक रिग या हिशेबाने बांधलेल्या असतात. मासा लागावा, एवढेच त्यांना कळते.

आणि आम्हा गोवेकरांनाही तेवढेच कळत होते. चणकाने जिवंत सुंगटासकट गरी पोटात घेतली तर ते नशीब! मासा सुटायची भीती गेली. गरी नंतर स्वयंपाकघरात विळीवर सापडायची. मासा गरीला लागला की तो ताटात जाणार, यापलीकडे तिसरी शक्यता आमच्या डोक्यात नव्हती. घरी परतणाऱ्याला वाटेवर सगळे एकच विचारत : ‘‘आयज कितें गावलें?’’ ‘पकडून सोडून दिले’ असे उत्तर दिले असते तर त्या माणसाला वैद्याकडे नेले असते.

मिनेसोटात सोडून देणे हा छंद नाही, कायदा आहे. कुठल्या तळ्यातून किती लांबीचे, किती वॉलआय नेता येतील ते ठरलेले असते. अंड्यांवरच्या मोठ्या माद्या बहुधा परत सोडाव्या लागतात. आम्ही जायचो ते मिल लॅक्स नावाच्या तळ्यावर. तळे म्हणायचे आपले! पाचशे चौरस किलोमीटरहून मोठे. आपला गोवा ३७०२ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याचा सातवा हिस्सा नुसते पाणी, आणि सर्वात खोल जागी खोली फक्त ४२ फूट. तिथल्या वॉलआयवर हक्क दोघांचा आहे. ओजिब्वे लोकांनी १८३७ च्या करारात आपली जमीन अमेरिकेला दिली, पण शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क अजून जिवंत आहे, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. वर्षाला किती मासे काढायचे ते ठरते आणि त्याचे वाटे होतात. गरीवाल्यांचा वाटा संपला की गरी बंद.

इथे एक हिशेब येतो, आणि तो ऐकून मी चमकलो. गरीवाल्यांच्या वाट्यात घरी नेलेले मासे धरतातच, शिवाय सोडून दिलेल्यांपैकी मेले असतील असे मासेही धरतात. सोडलेला प्रत्येक मासा जगत नाही. पाणी थंड असेल आणि गरी ओठात लागलेली असेल तर बहुतेक जगतात. पाणी तापलेले असेल आणि गरी घशात उतरलेली असेल तर पुष्कळ मरतात. पाठ दाखवून पोहत जातो, आपण समाधानाने हात धुतो, आणि तो नंतर तळाशी जाऊन मरतो. २०१५ च्या ऑगस्टमध्ये वाटा संपला म्हणून मिल लॅक्सवर वॉलआयची मासेमारी बंद झाली. २०१६ च्या उन्हाळी हंगामात एकही वॉलआय घरी न्यायची परवानगी नव्हती. २०१७ च्या उन्हाळी हंगामातही ती नव्हती, म्हणजे सगळे सोडूनच द्यायचे होते. तरी त्या वर्षी जुलैत तीन आठवडे गरी बंद ठेवावी लागली. कारण सोडलेल्यांपैकी मेलेले! त्या उन्हाळ्यात एकही मासा ताटात न जाता वाटा संपत आला होता.

‘‘मग तुमच्यापेक्षा आम्ही बरे,’’ मी त्याला म्हटले. ‘‘मारतो तो खातो तरी.’’

यावर तो वाद घालत बसला नाही. त्याने टेबलावर दोन रिग ठेवल्या. एक दुकानातली, एक त्याची. त्याच्या रिगवर पुढची गरी १/० ची होती आणि मागची दोनची, म्हणजे दुकानातल्यापेक्षा दोन्ही मोठ्या. टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट केलेला. आणि गऱ्या साध्या पोलादाच्या, न गंजणाऱ्या नव्हेत. शापोऱ्याच्या खाऱ्या पाण्यात आम्ही गंजणारी गरी हातात धरली नसती. इथे तो मुद्दाम गंजणारीच घेतो. घशात अडकलीच तर ओढून काढायची नाही, तंगूस तोंडापाशी कापायची. ओढाओढीत आतले फाटते. आत राहिलेली गरी कालांतराने झिजते, आणि मासा जगायची शक्यता त्यातच जास्त असते.

‘‘दादा, ही व्हड गरी नुस्त्याक मारिना, वाटायता,’’ तो म्हणाला. मोठी गरी माशाला मारत नाही, वाचवते. ती घशाकडे सहजी जात नाही, ओठाच्या कोपऱ्यात अडते. लहान गरी दिसायला निरुपद्रवी, पण थेट आत उतरते. मासे थोडे कमी लागतात, हे त्यालाही मान्य आहे. होडीतले त्याचे मित्र त्यावरून त्याची थट्टा करतात आणि आपल्या सहा नंबरच्या गऱ्यांवर त्याच्या दुप्पट मासे घेतात. त्यांतले किती परत सोडले जातात आणि त्यांतले किती जगतात, हा प्रश्न होडीत कुणी काढत नाही. तोही काढत नाही. आपल्या गऱ्या तेवढ्या घरून बांधून नेतो.

जूनच्या शेवटाला पाणी तापू लागले की तो मागची गरी कापूनच टाकतो. मग एकच गरी, गांडूळ अर्धे, आणि मासा टोचताक्षणी ओढ. गिळायला वेळच द्यायचा नाही. दांडीला विचित्र बाक दिलेली एक गरी मिळते, तिच्यावर गांडूळ वाकडे चढवले की ते स्वतःच मळसूत्रासारखे फिरते. मग चकतीचीही गरज नाही, एक मणी पुरतो. मला विचाराल तर सगळ्यांत देखणी रिग तीच. पण मण्यांच्या माळा ओवण्यात ज्याचा हिवाळा गेला त्याला हे कसे सांगणार?

पकडलेला मासा सोडून देणे मला अजून पचलेले नाही. भूक नसताना अन्नाशी खेळल्यासारखे वाटते. नेता येतील तेवढे घ्यावेत आणि गरी गुंडाळून घरी यावे, हे माझे मत कायम आहे. पण घेण्याजोगा मासा गरीला लागेपर्यंत न घेण्याजोगे चार लागतात. ते कुठे लागावेत हे माणसाच्या हातात नाही, आणि थोडेसे आहेही. होडी पाण्यात जाण्याच्या कितीतरी आधी, तळघरात, पक्कड हातात असताना.

त्याच्या होडीत दोरीला बांधलेले एक थर्मामीटर असते. जुलैच्या एका दुपारी ते त्याने पाण्यात सोडले आणि वर काढून मला दाखवले. ७६ फॅरनहाइट, म्हणजे चोवीस अंशांच्या वर. तळे अगदी स्थिर. आजूबाजूला सात-आठ होड्या ओढत चाललेल्या. त्याने लावलेली रिग काढली, फोमच्या नळीवर गुंडाळून ठेवली, आणि वाटेत मक्याची कणसे घ्यायची आहेत याची मला आठवण करून दिली.